गाईड नावाचा माणूस

आमच्या शहरात गाईड या शब्दाला तीन अर्थ आहेत. पहिला गाईड वेरूळला भेटतो. कैलास लेण्याच्या दाराशीच तो तुम्हाला गाठतो आणि रावणाने पर्वत कसा हलवला इथपासून हे लेणे कळसाकडून पायाकडे कसे कोरत आणले इथपर्यंत सारे तासाभरात सांगून मोकळा होतो. दुसरा गाईड औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानात मिळतो. परीक्षेच्या आधी महिनाभर त्याला मरण नसते. ‘संभाव्य प्रश्न व त्यांची आदर्श उत्तरे’ अशी त्याची ओळख मुखपृष्ठावरच छापलेली असते. मी बँकेत नोकरी करता करता बाहेरून एम.ए. झालो तो याच गाईडच्या खांद्यावर बसून. नोकरी, बदल्या, ऑडिट या रगाड्यात दुसरा कोणी भेटण्याची सोयच नव्हती.

तिसरा गाईड विद्यापीठात असतो. हा हाडामांसाचा माणूस. तो तुमच्यासमोर बसतो, तुम्ही काय वाचले ते विचारतो, तुम्ही लिहिलेली पाने खरोखर वाचतो आणि वाचून झाल्यावर पेन्सिलीने समासात एखादा शब्द लिहून ती परत देतो. बहुतेक वेळा तो शब्द ‘का?’ असा असतो. आजचा लेख या तिसऱ्या गाईडविषयी आहे.

गारखेड्यात राहणाऱ्याला हा विषय सुचावा यात नवल नाही. मूळचे गारखेडा गाव शहराने कधीच पोटात घेतले. आता सूतगिरणी चौकापासून पुंडलिकनगरपर्यंत कुठेही जा, दोन घरांआड एका फाटकावर ‘मुलींसाठी खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी दिसते. बीड, जालना, परभणीकडून आलेली मुले-मुली या खोल्यांतून राहतात. कोणी पोलीस भरतीसाठी पहाटे क्रीडा संकुलाच्या मैदानावर धावत असते, कोणी नीटचे क्लास करते, कोणी एमपीएससीचा तिसरा प्रयत्न. या गर्दीत एखादी मुलगी मराठीत किंवा इतिहासात एम.ए. करणारी निघते. घरमालकीण तिला हटकून विचारते, “त्याचं पुढं काय होतं गं?” मुलगी हसून वेळ मारून नेते. विद्यापीठ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बौद्ध लेण्यांच्या डोंगराखाली. ती रोज रिक्षा बदलत तिकडे जाते आणि संध्याकाळी परत येते.

या एम.ए.च्या अभ्यासक्रमात अलीकडे एक मोठी गोष्ट घडली आहे. घरात एम.ए. करणारे कोणी नसेल तर ती तुमच्या कानावर आली नसण्याची शक्यता आहे. नव्या शैक्षणिक धोरणाचा पदव्युत्तर आराखडा राज्यात २०२३-२४ पासून लागू होऊ लागला. त्यात पहिल्या सत्राला संशोधनपद्धतीचा अभ्यास आला आणि दुसऱ्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला संशोधन प्रकल्प आला. तिसऱ्या सत्राला चार श्रेयांक, चौथ्याला सहा, एकूण दहा. एक श्रेयांक म्हणजे साधारण तीस तासांचे काम असे धरतात. म्हणजे कागदावर तीनशे तासांचे एकट्याचे वाचन, हिंडणे, लिहिणे, आणि हे सगळे एका शिक्षकाच्या देखरेखीखाली. याच सुमारास, नोव्हेंबर २०२२मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नव्या नियमांनी एम.फिल. बंद केले. एम.ए. आणि पीएच.डी. यांच्यामधली ती पायरी निघाली. तेव्हा संशोधन म्हणजे काय हे कळण्याची पहिली, आणि बहुतेकांच्या बाबतीत शेवटची, जागा आता एम.ए.चे दुसरे वर्ष ही आहे.

कल्पना उत्तम आहे. तिचे व्यवहारात काय होते ते पाहायचे असेल तर झेरॉक्सच्या दुकानात दहा मिनिटे उभे राहावे. मी माझ्या कादंबरीचे हस्तलिखित घेऊन उभा होतो. शेजारचा मुलगा दुकानदाराला म्हणाला, “संत साहित्य आहे का एखादं?” दुकानदार म्हणाला, “आहे, पण मागच्याच आठवड्यात दोघांनी नेलंय. ग्रामीण कादंबरी घे.” बटाटे-कांद्याचा भाव करावा तसा हा व्यवहार चालला होता. आता तर दुकानात जायचेही कारण उरलेले नाही. मोबाइलमधल्या यंत्राला विषय सांगितला की प्रस्तावना, गृहीतके, निष्कर्ष, सारे खळखळत बाहेर येते.

मला यावरून म्हशी आठवल्या. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेच्या काळात, म्हणजे ऐंशीच्या दशकात, बँकांनी खेड्यापाड्यांत म्हशींसाठी कर्जे दिली. कर्ज दिल्यावर अधिकाऱ्याने जाऊन म्हैस पाहायची, तिच्या कानातला बिल्ला तपासायचा आणि तसा अहवाल लिहायचा. पहिल्या गावात म्हैस पाहिली. दुसऱ्या गावात पाहिली. तिसऱ्या गावात गेल्यावर म्हैस ओळखीची वाटू लागली. शिंगाचा बाक तोच, कपाळावरचा पांढरा ठिपका तोच. आमच्या पुढे जायला तिला टेम्पो होता आणि आम्हाला मात्र एसटी. आमचे एक वरिष्ठ नुसत्या अहवालावर कधी सही करत नसत. म्हैस किती दूध देते, सकाळी किती, संध्याकाळी किती, दूध कोणत्या डेअरीला जाते, हे विचारत. ज्याच्या घरी म्हैस खरोखर असते त्याला याची उत्तरे पाठ असतात. ज्याच्या घरी नसते तो बायकोकडे पाहतो.

गाईडचे काम नेमके हे आहे. प्रकल्पाची फाईल सर्वांची सारखीच दिसते. समोर बसून दुधाचा हिशेब विचारणारा माणूस लागतो.

आपले विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. त्याआधी इथली महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. १९९४मध्ये त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. त्यासाठी किती वर्षे लढा झाला, किती माणसांनी किती सोसले, ते या भागातल्या वाचकांना मी सांगायला नको. मला वेगळीच गोष्ट सांगायची आहे. ज्यांचे नाव या विद्यापीठाला आहे त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेत हा तिसरा गाईड फार ठळकपणे दिसतो.

१९१३मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन त्यांचे मार्गदर्शक. जातिसंस्थेवरचा त्यांचा गाजलेला निबंध हा मुळात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी वाचलेला एका विद्यार्थ्याचा पेपर आहे. विद्यार्थ्याचे वय होते पंचवीस. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक एडविन कॅनन हे मार्गदर्शक लाभले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी आधी फेरफारासाठी परत केला, मग तो स्वीकारला गेला आणि १९२३मध्ये डी.एस्सी. मिळाली. त्याच वर्षी तो पुस्तकरूपाने निघाला. त्याला प्रस्तावना कॅनन यांची आहे. बँकेत असताना मी ते पुस्तक कुतूहलाने हाती घेतले आणि प्रस्तावनेपाशीच थबकलो. कारण कॅनन त्यात स्पष्ट लिहितात की, या लेखकाचा चलनपद्धतीला असलेला विरोध मला मान्य नाही आणि त्याचे बरेचसे युक्तिवादही मला पटलेले नाहीत. मग ते पुढे सांगतात की, जिथे तो मला साफ चुकलेला वाटला तिथेही त्याच्या विचारातल्या ताजेपणाने मला चालना मिळाली. मार्गदर्शक म्हणतो मला पटत नाही, आणि तरी स्वतःच्या नावानिशी प्रस्तावना देतो! आपल्याकडे प्रबंधाच्या पहिल्या पानावर ‘गुरुवर्यांच्या चरणी’ असे असते आणि आतली दोनशे पाने गुरुवर्यांना न दुखावण्याच्या काळजीत जातात. तेव्हा या प्रस्तावनेचे मोल कळते.

असे दुसरे उदाहरण मुंबईचे. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात १९२४पासून गो. स. घुर्ये होते. त्यांच्याकडे प्रबंध लिहून एम.ए. करण्याची सोय होती, म्हणजे आज ज्याला प्रकल्प म्हणतात त्याचा थोरला भाऊ. इरावती कर्वे यांनी चित्पावनांवरचा प्रबंध लिहून १९२८ साली तिथेच एम.ए. केले. म्हैसूरकडून आलेल्या एम. एन. श्रीनिवास यांचा विवाह आणि कुटुंब यांवरचा एम.ए.चा प्रबंध पुढे १९४२मध्ये पुस्तक म्हणून छापला गेला. आणि गंमत म्हणजे, ज्यांना प्राचीन ग्रंथांत रमणे आवडे त्या घुर्यांकडेच अ. र. देसाई या पक्क्या मार्क्सवादी विद्यार्थ्याने भारतीय राष्ट्रवादावरचे आपले पीएच.डी.चे काम केले. श्रीनिवासांची पुढची कथा आणखी बोलकी आहे. कूर्गच्या लोकांविषयी त्यांनी घुर्यांकडे प्रबंध लिहिला. मग ते ऑक्सफर्डला गेले. तिथे दुसरे गाईड भेटले, त्यांनी दुसरे प्रश्न विचारले, आणि त्याच कूर्गच्या माहितीतून १९५२मध्ये अगदी वेगळे पुस्तक उभे राहिले. माहिती तीच, ती गोळा करणारा तोच. समोरचा विचारणारा बदलला.

इरावतीबाईंना बर्लिनमध्ये जे मार्गदर्शक मिळाले त्यांची गोष्ट मात्र सांगताना जीभ जड होते. ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. कवट्यांची मोजमापे घेऊन त्यांतला असमतोल वंशाशी जोडता येतो का, हे तिने तपासायचे होते. तिने कवट्या मोजल्या. तसा संबंध तिला आढळला नाही, आणि तिने तसेच लिहिले. परक्या देशात, विशीतल्या एका मराठी मुलीने. चांगला गाईड मिळणे हे भाग्य असते. वाईट गाईडसमोर बसून खरे मोजमाप लिहिणे याला काय म्हणावे, मला शब्द सुचत नाही.

एवढ्या थोरामोठ्यांनंतर आता आमच्या गल्लीतल्या मुलीकडे येतो. समोरच्या घरात वरच्या खोलीत दोन वर्षे राहिली. बीड जिल्ह्याची, माजलगावच्या बाजूची. मराठीत एम.ए. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. एका संध्याकाळी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, “काका, तुम्ही बँकेत होता ना? उचल म्हणजे नेमकं काय लिहायचं?” मी म्हटले, “आमच्याकडे मंजूर कर्जातून पैसे काढले की त्याला उचल म्हणतात. तुमच्याकडे मुकादम हंगामाआधी जोडप्याच्या हातावर ठेवतो ती.” ती म्हणाली, “मला दुसरीच हवी होती, पण पहिली माहीत नव्हती. मॅडम म्हणाल्या, शब्द कुठून आला ते विचारून ये.” त्या दिवशी मला तिच्या मॅडमविषयी आदर वाटू लागला.

तिचा विषय होता तिच्या गावातल्या जात्यावरच्या ओव्या. विषय ऐकून मी मनात म्हटले, झाले, पुन्हा तीच म्हैस. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवून ठेवल्या आहेत, त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. मग या मुलीने आणखी काय मिळवायचे? पण मॅडमनी पहिल्याच गुरुवारी तिला हाच प्रश्न विचारला होता आणि उत्तर शोधायला दोन आठवडे दिले होते. दर गुरुवारी दुपारी चार वाजता अर्धा तास, असा त्यांचा नेम. आधी दोन पाने लिहून न्यायची. पाने नसतील तर चहा प्यायचा आणि परत यायचे, बोलणे नाही.

या मॅडमनी केलेली पहिली मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी पंचांग पाहिले. तिसरे सत्र पावसाळ्यात सुरू होते. मुलगी म्हणत होती, आधी ग्रंथालयात वाचते, दिवाळीच्या सुट्टीत गावी जाऊन ओव्या घेते. मॅडम म्हणाल्या, “दिवाळीत गावात कोण असतं तुमच्या?” दसरा झाला की गावातले कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, गाड्या भरून बाहेर पडतात ती थेट मार्चच्या आसपास परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. पन्नाशीच्या बायकांना ज्या ओव्या येतात त्या घ्यायच्या तर दसऱ्याच्या आत जायला हवे. विद्यापीठाच्या वेळापत्रकात हे कुठेही लिहिलेले नव्हते. मुलीला ते जन्मापासून माहीत होते, पण अभ्यासाचा आणि घराचा असा काही संबंध असतो, हे तिला तोवर कोणी सांगितले नव्हते.

ती गावी गेली. बायका म्हणाल्या, आता कुठल्या ओव्या, गिरणी आल्यापासून सगळं विसरलो. फोनवर मॅडम म्हणाल्या, “जात्यापाशी बसव त्यांना.” जाते आता फक्त लग्नात हळदीपुरते निघते. एका घरच्या पडवीतून ते ओढून काढले, खुंटा ठोकला, मूठभर ज्वारी घातली. हात फिरू लागल्यावर गळा आपोआप सुरू झाला. तीन दिवसांत एकसष्ट ओव्या झाल्या.

पुढच्या गुरुवारी तिने लिहून नेल्या त्या चाळीस. मॅडमनी विचारले, “ऐकल्यास किती?” एकसष्ट. “मग एकवीस कुठं गेल्या?” मुलगी गप्प. ते एकवीस म्हणे ‘बिघडलेल्या’ होत्या. पुस्तकातल्या ओव्यांत भाऊ बैलगाडीतून येतो, इथे तो यष्टीतून उतरत होता. कुठे रेशनचे दुकान होते, कुठे मुकादमाची उचल, कुठे उसाच्या फडावर बाळाला बांधलेली झोळी, आणि एका ओवीत तर साखर कारखान्याचा भोंगा. हे जुने नाही, शुद्ध नाही, म्हणून तिने ते गाळले होते. मॅडम म्हणाल्या, “चाळीस ओव्या बाजूला ठेव. तुझा प्रकल्प या एकवीसांत आहे.”

हे मला सांगताना तिचा आवाज बदलला होता. त्या एकवीसांतल्या सहा ओव्या तिच्या आईच्या होत्या.

नंतरचे सहा महिने मी तिची पाने पाहत होतो. एका पानावर तिने ‘स्त्रीच्या वेदनेचा हुंकार’ असे लिहिले होते. समासात पेन्सिलीने, ‘कोणत्या ओवीत?’ दुसऱ्या पानावर ‘ग्रामीण स्त्री पारंपरिक असते’. समासात, ‘कोण? नाव लिही.’ प्रत्येक ओवीखाली गाणारीचे नाव, वय, माहेर, ओवी कोणाकडून शिकली, हे सगळे आले पाहिजे हा मॅडमचा हट्ट. मला यात सातशे वर्षांपूर्वीचे म्हाइंभट दिसले. चक्रधरस्वामींच्या लीळा ज्याने ज्याने पाहिल्या-ऐकल्या त्या माणसापाशी जायचे, त्याच्या तोंडून ऐकायचे, लिहायचे आणि नागदेवाचार्यांपुढे ठेवून खात्री करून घ्यायची, अशा रीतीने ‘लीळाचरित्र’ घडले. मराठी गद्याच्या मुळाशीच एक संशोधक आणि एक गाईड बसलेला आहे. मी हे तिला सांगितले तर ती म्हणाली, “काका, म्हाइंभटांना सत्राच्या शेवटाची तारीख नव्हती.”

तारखेचा मुद्दा खरा आहे, आणि माणसांचाही. थोडा हिशेब करू. समजा, एका विभागात दुसऱ्या वर्षाला तीस विद्यार्थी आहेत आणि शिक्षक तीन. प्रत्येकाच्या वाट्याला दहा. आठवड्याला प्रत्येकी अर्धा तास म्हटले तरी पाच तास नुसते बसण्याचे, आणि वीस पाने वाचण्याचे वेगळे. हे जमण्यासारखे आहे. पण तीनपैकी दोन जागा रिकाम्या असतील तर एकावर तीस विद्यार्थी येतात, पंधरा तास आणि साठ पाने, शिवाय रोजचे वर्ग. तो माणूस मग काय करील? फाईलवर सही करील. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केले असते. पीएच.डी.साठी एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा आणि सहायकाकडे चार विद्यार्थी अशी मर्यादा आयोगाने २०२२च्या नियमांत घातली आहे. एम.ए.च्या पोरांसाठीही असा काही आकडा हवा, असे मला वाटते. कर्जाच्या फायली एका अधिकाऱ्याकडे किती असाव्यात याला बँकेत मोजमाप असते. तिथे तर नुसते पैसे असतात.

आणि या मॅडम कोण? तासिका तत्त्वावरच्या. मानधन वर्गातल्या तासाचे. गुरुवारचा चार ते साडेचारचा अर्धा तास कोणत्या रकान्यात भरायचा हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते, त्यामुळे तो कुठेच भरला गेला नाही. बसायला स्वतंत्र खोली नाही, म्हणून दोघी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसत. मी एकदा मुलीला विचारले, “त्या एवढं का करतात?” ती म्हणाली, “मीही विचारलं होतं. म्हणाल्या, माझ्या प्रबंधाचं एकही पान कोणी वाचलं नव्हतं.”

प्रकल्प एकशे बारा पानांचा झाला. एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी भोंग्याच्या ओवीवर वीस मिनिटे प्रश्न विचारले, आणि ती उत्तरे देत राहिली. एक प्रत विभागाच्या कपाटात गेली, एक मॅडमना, आणि एक घेऊन ती गावी गेली. तोवर ऊसतोडीला गेलेली माणसे परतली होती. पडवीत बायका जमल्या, तिने वाचून दाखवले. गाणाऱ्या सात जणींपैकी दोघींना आपले नाव तेवढे वाचता येत होते, त्यांनी त्यावरून बोट फिरवून पाहिले. तिच्या आईने तिला सतराव्या ओवीपाशी थांबवले. म्हणाली, “असं नाही गं. मी ‘गाडी’ म्हटलं नव्हतं, ‘टायरगाडी’ म्हटलं होतं. गाडी कुणाचीबी असती.”

रात्री तिने मॅडमना फोन केला. निकाल लागून गेलेला होता, गुण मिळाले होते. मॅडम म्हणाल्या, “तिन्ही प्रतींत शुद्धिपत्र लाव. विभागातल्या कपाटाची किल्ली मी मागून ठेवते.”